तीन नंबरचा बावटा, पाचशे नंबरचा एरर

मे महिन्यातली सकाळ होती. पावसजवळच्या एका आंबा बागायतदारांचा फोन आला आणि नमस्कार-चमत्कार न करता ते म्हणाले, "अरे, पुण्याचं गिऱ्हाईक सांगतंय पैसे कापले गेले, आणि आपल्याकडे ऑर्डरच नाय." त्यांच्या वेबसाइटची देखभाल माझ्याकडे आहे. मी सर्व्हरवरच्या नोंदी उघडल्या, तेव्हा दिसले की पैसे भरून झाल्यानंतर ऑर्डर नोंदवणारे पान आदल्या दुपारपासून कोलमडत होते. सात ग्राहकांनी पैसे भरले होते, सातही जणांना 'काहीतरी चूक झाली, पुन्हा प्रयत्न करा' असा निरोप दिसला होता आणि त्यांपैकी दोघांनी त्या निरोपावर विश्वास ठेवून दुसऱ्यांदा पैसे भरले होते. चूक संगणकाला पहिल्याच ग्राहकाच्या वेळी कळली होती. मला ती कळायला अठरा तास आणि सदाशिव पेठेतला एक वैतागलेला ग्राहक लागला.

खरी लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. चूक झाली की मला ईमेल पाठवण्याची सोय त्या वेबसाइटवर होती आणि ते सगळे ईमेल वेळेवर निघाले होते. असे ईमेल फार येतात म्हणून ते परस्पर एका वेगळ्या फोल्डरमध्ये जातील अशी व्यवस्था मीच करून ठेवली होती, आणि त्या फोल्डरमध्ये त्या दिवशी न वाचलेले तीन हजारांहून अधिक ईमेल पडून होते.

आंबा, काजू, घरगुती निवास, सागरी सफर असे सगळेच आता कोकणात वेबसाइटवरून विकले जाते. त्यामुळे 'साइट पडली तर आपल्याला कसे कळेल?' हा प्रश्न केवळ संगणकवाल्यांचा राहिलेला नाही. त्याचे सर्वांत जुने आणि स्वस्त उत्तर म्हणजे ईमेल. ते उत्तर कुठे चालते आणि कुठे फसते, हे सोप्या शब्दांत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

एरर म्हणजे नेमके काय?

जी वेबसाइट नुसती माहिती दाखवत नाही, तर ऑर्डर घेणे, खोली राखून ठेवणे, पैसे स्वीकारणे अशी कामेही करते, तिला वेब अ‍ॅप्लिकेशन म्हणतात. तिचे काम एसटी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीसारखे चालते. आपला मोबाइल काहीतरी मागतो आणि दूर कुठल्यातरी डेटा सेंटरमधला सर्व्हर उत्तर देतो. प्रत्येक उत्तरावर तीन आकडी क्रमांक असतो. २०० म्हणजे काम झाले. ४०० च्या घरातला क्रमांक आला, तर मागणाऱ्याचे काहीतरी चुकले असे समजायचे; सर्वांच्या ओळखीचा ४०४ म्हणजे फलकावर नसलेल्या गावाची गाडी विचारणे. ५०० च्या घरातला क्रमांक मात्र खिडकीच्या आतल्या बाजूची चूक सांगतो. प्रवाशाने गाव बरोबर सांगितले, सुटे पैसेही दिले, पण तिकीट काढायचे यंत्रच हातात बंद पडले, तर तो ५००. खिडकीवर इतकी झुंबड उडाली की कारकुनाने झडपच ओढून घेतली, तर तो ५०३.

हा फरक पुढे फार उपयोगी पडणार आहे, कारण ४०४ साठी कुणाला झोपेतून उठवायचे नसते आणि ५०० साठी बहुधा उठवावे लागते.

चुकीची खबर मालकापर्यंत कशी पोहोचते?

प्रोग्रॅम लिहिताना सर्वांत बाहेरच्या बाजूला एक जाळे लावलेले असते. आत कुठेही प्रोग्रॅम अडखळला की तो त्या जाळ्यात पडतो. मग तीन कामे व्हायला हवीत. ग्राहकाला सभ्य भाषेतला निरोप दाखवायचा, झालेला प्रकार सर्व्हरवरच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, लिहायचा, आणि देखभाल करणाऱ्याला कळवायचे. तिसरे काम ईमेल करतो.

त्यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत तयार झालेली आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुली झालेली, वेबसाइट बांधायची जँगो ही प्रणाली घ्या. तिच्यात देखभाल करणाऱ्यांचे पत्ते भरून ठेवले आणि ईमेल पाठवायची व्यवस्था लावली, की चालू साइटवरच्या प्रत्येक ५०० क्रमांकाच्या चुकीचा ईमेल ती आपसूक पाठवते. पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत चूक ईमेलने पाठवायला एक ओळ पुरते. वेबसाइट बांधायच्या वर्डप्रेस या प्रणालीने मे २०१९ मधल्या ५.२ या आवृत्तीपासून साइट कोसळली तर व्यवस्थापकाच्या पत्त्यावर ईमेल पाठवायला सुरुवात केली, आणि त्यात साइटमध्ये शिरून दुरुस्ती करण्यासाठी एक खास दुवाही असतो. अडचण एवढीच, की कोकणातल्या कित्येक हॉटेलांच्या आणि होमस्टेच्या साइटवर हा 'व्यवस्थापकाचा पत्ता' म्हणजे ज्या भाच्याने कॉलेजात असताना साइट बांधून दिली, त्याचा जुना पत्ता असतो. भाचा आता बेंगळुरूला असतो आणि तो पत्ता उघडतही नाही. तुमची स्वतःची साइट असेल, तर हा लेख पुरा वाचण्याआधी तो पत्ता कुणाचा आहे एवढे पाहून घ्या.

वाचून लगेच काम सुरू करता येईल असा ईमेल

'साइटवर एरर आला आहे' एवढेच सांगणारा ईमेल म्हणजे 'कुणीतरी आजारी आहे, या' असा निरोप. कोण, कुठे, केव्हापासून आणि काय होते आहे, हे त्यात नसेल, तर वाचणाऱ्याचा पहिला अर्धा तास शोधण्यातच जातो. सुरुवातीला सांगितलेल्या आंब्याच्या ऑर्डरींच्या घोटाळ्यातला एक ईमेल मी नंतर उघडून पाहिला. त्यातला कामाचा भाग मराठीत उतरवला तर असा होतो:

विषय: [आंबा, चालू साइट] ऑर्डर नोंदवताना ५००
वेळ: दुपारी ३.०७, भारतीय वेळ
पान: पैसे भरल्यानंतरची ऑर्डर नोंद
कारण: '४११ ०३०' हा मजकूर आकडा म्हणून वाचता येत नाही
जागा: पार्सलचा मार्ग ठरवणारी फाइल, ओळ ८८

या पाच ओळींत सगळे होते. पिनकोड वाचायला सोपा जावा म्हणून तीन अंकांनंतर थोडी जागा सोडायची, असा बदल मीच त्या दुपारी अडीच वाजता केला होता. तोच पिनकोड पुढे आकडा समजून वापरणारा प्रोग्रॅमचा भाग त्या मोकळ्या जागेला अडखळत होता. (गंमत म्हणजे तो प्रोग्रॅम ज्या पायथन भाषेत होता, तिला देवनागरी अंक चालतात, पण अंकांच्या मधली रिकामी जागा चालत नाही.) ईमेल ३.०७ ला वाचला असता, तर ३.१५ ला दुरुस्ती झाली असती.

या ओळींखाली बहुधा एक लांबलचक यादी असते आणि तिला स्टॅक ट्रेस म्हणतात. आपल्याकडे मडक्यांवर मडकी रचून ठेवतात, त्या उतरंडीसारखीच ती असते. कोणत्या भागाने कोणत्या भागाला काम सांगितले आणि शेवटी कुठे फुटले, हे ती ओळीने दाखवते. पायथनमध्ये फुटलेले मडके यादीच्या तळाशी असते, म्हणून जाणकार ती खालून वाचायला सुरुवात करतात. विषयाच्या ओळीत साइटचे नाव आणि ती चालू साइट आहे की चाचणीची, हे असलेच पाहिजे. चाचणीच्या साइटवरची चूक पाहून मी एकदा रात्री अकराला लॅपटॉप उघडून बसलो आहे, म्हणून हे आग्रहाने सांगतो.

बावटा रोज लावला तर

आता मूळ दुखण्याकडे वळू. माझ्या फोल्डरमध्ये तीन हजार ईमेल कुठून आले?

किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला बावटा समजावून सांगावा लागत नाही. वारा-पाऊस वाढणार असला की हवामान खात्याच्या सूचनेवरून बंदरावर तीन नंबरचा बावटा लागतो आणि होड्या खाडीत ओढून घेतल्या जातात. आपण बावटा म्हणतो खरे, पण दिवसा डोलकाठीवर टांगलेले शंकू आणि नळकांडी, तर रात्री दिवे, असे त्याचे स्वरूप असते. धोक्याप्रमाणे एक ते अकरा असे क्रमांक आहेत. समजा, बंदर अधिकाऱ्याने जरा ढग आले की तीन नंबर लावायला सुरुवात केली. आठवडाभर खलाशी होड्या ओढतील, दुसऱ्या आठवड्यात कुरकुर करतील आणि तिसऱ्या आठवड्यात बावट्याकडे कुणी मान वर करून पाहणार नाही. चौथ्या आठवड्यात खरे वादळ आले, तर बावटा तेव्हाही वरच असेल.

माझ्या साइटवर हेच झाले होते. इंटरनेटवर दिवसरात्र भटकणारे आपोआप चालणारे प्रोग्रॅम असतात आणि ते कुठल्याही साइटचे दार ठोठावून वर्डप्रेसचे लॉगिनचे पान आहे का, अमुक फाइल उघडी पडली आहे का, असे विचारत फिरतात. माझी साइट वर्डप्रेसवर नव्हती, त्यामुळे अशा प्रत्येक ठोठावण्याला ४०४ मिळत होता आणि मी हौसेने ४०४ चेही ईमेल चालू ठेवले होते. शिवाय आंब्याचा एक फोटो हरवला होता आणि पान उघडणाऱ्या प्रत्येकामागे त्याचाही एक ईमेल निघत होता. या गर्दीत ते खरे ईमेल बुडाले.

त्यानंतर मी जे बदल केले, ते या क्षेत्रात सर्वमान्य आहेत. पहिला म्हणजे गाळणी: ईमेल फक्त ५०० च्या घरातल्या चुकांचा, बाकीचे सगळे लॉगमध्ये. दुसरा बदल अधिक महत्त्वाचा आहे. एकाच फाइलच्या एकाच ओळीवर एकाच प्रकारची चूक कितीही वेळा झाली, तरी ती एकच चूक मानायची. पहिल्या वेळी लगेच ईमेल जातो, पुढचा तासभर संगणक नुसते मोजत राहतो आणि तासाने 'हीच चूक आणखी २१२ वेळा' असा एकच ईमेल येतो. हे केले नाही, तर गर्दीच्या वेळी काय होईल याची कल्पना गणपतीच्या गाड्यांचे आरक्षण उघडते त्या सकाळवरून करा. हजारो माणसे एकाच मिनिटात एकाच पानावर येतात, आणि ते पान बिघडलेले असले तर ईमेलही हजारोच निघतात. वर्डप्रेसवाल्यांनी तर आपल्या त्या ईमेलवर मुळातच दिवसातून एक अशी मर्यादा घातली आहे.

तिसरा बदल तांत्रिक नाही. ईमेल उघडल्यावर मी स्वतःला विचारतो, 'हे वाचून मी आत्ता काही करणार आहे का?' उत्तर नाही असे आले, तर त्या प्रकारचा ईमेल मी त्याच दिवशी बंद करतो. फोल्डर पुन्हा करायचा नाही.

पण ईमेलच कशाला? व्हॉट्सअ‍ॅप आहे, एसएमएस आहे

हा आक्षेप रास्त आहे, कारण गावात ईमेल रोज पाहणारी माणसे कमीच. तरी व्यवहारात पाहिले तर एसएमएसचे गणित वेगळे आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमानंतर आपल्या देशात प्रोग्रॅममधून एसएमएस पाठवायचा तर पाठवणाऱ्याची नोंदणी आणि मजकुराचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. त्यातही देवनागरीतल्या एका एसएमएसमध्ये सत्तरच अक्षरचिन्हे मावतात, तिथे उतरंड मावण्याचा प्रश्नच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर व्यवसायाने स्वतःहून संदेश पाठवायचा असेल, तर तिथेही मंजूर साचा लागतो. ईमेलला असली कोणतीही पूर्वपरवानगी लागत नाही, त्यात लांब मजकूर मावतो, तो वर्षभराने शोधला तरी सापडतो आणि दुसऱ्या जाणकाराकडे जसाच्या तसा पुढे पाठवता येतो.

माझ्या मते तपशिलासाठी ईमेल आणि हाक मारण्यासाठी फोन ही विभागणी योग्य आहे. पैसे भरण्याचे पान कोलमडले, तर फोन वाजावा. बाकी सगळ्यासाठी ईमेल पुरतो.

पाठवला म्हणजे पोहोचला असे नाही

ईमेल हे टपाल आहे. सर्व्हर तो दुसऱ्या सर्व्हरच्या हाती देतो, समोरून तात्पुरता नकार आला तर थांबतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. बहुतेक वेळा हे काही सेकंदांत उरकते, पण नियमाप्रमाणे हे प्रयत्न चार-पाच दिवसही चालू राहू शकतात. म्हणून मिनिटाला महत्त्व असेल, तिथे एकट्या ईमेलवर विसंबू नये.

दुसरा धोका स्पॅमचा. आपल्या नावाने कुणीही पत्र टाकू शकतो, हे टपालासारखेच ईमेलबाबतही पूर्वीपासून खरे आहे, आणि त्यावर उपाय म्हणून एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या तीन नोंदी आल्या. आमच्या नावाने कोणते सर्व्हर पत्र टाकू शकतात, पत्रावरची मोहर कशी ओळखायची आणि मोहर जुळली नाही तर काय करायचे, हे त्या जगाला सांगतात. गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून याबाबत बरीच कडक भूमिका घेतली आहे. या नोंदी नसतील, तर नेमका महत्त्वाचा ईमेल स्पॅममध्ये जाऊन बसतो.

तिसरा धोका फुकटच्या खात्याचा. साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला साधारण ५०० ईमेलच पाठवता येतात. लहान साइट बहुधा त्याच एका खात्यावरून ग्राहकांना पावत्याही पाठवते. मग एका चुकीमागे शेकडो ईमेल सुटले, की दिवसाचा वाटा दुपारीच संपतो आणि ज्यांची ऑर्डर व्यवस्थित झाली, त्या ग्राहकांच्या पावत्याही अडकतात. चुकीचे ईमेल आणि ग्राहकांचे ईमेल यांची वाट वेगळी ठेवायला फारसा खर्च येत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. ग्राहक पान उघडण्याची वाट पाहत असताना, त्याच क्षणी ईमेल पाठवत बसू नये. ईमेलचा सर्व्हर मंद असेल, तर ग्राहकाचे पानही तितकाच वेळ अडकते. आधी लॉगमध्ये लिहावे, ईमेल रांगेत टाकावा आणि पान मोकळे करावे.

ग्राहकाचा पत्ता कुणाकुणाच्या इनबॉक्समध्ये?

चूक समजावी म्हणून ईमेलमध्ये ग्राहकाने भरलेली माहितीही जोडली जाते: नाव, फोन, घरचा पत्ता, क्वचित पासवर्डसुद्धा. हा ईमेल मग तीन जणांकडे जातो, त्यांच्या मोबाइलवर राहतो, आणि मोबाइल दुरुस्तीला दिला की तिकडेही जातो. जँगोसारख्या प्रणाली आपल्या सेटिंगमधले पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या चांदण्या टाकून झाकतात, पण तुमच्या अर्जातला कोणता रकाना खासगी आहे, हे त्यांना तुम्हीच सांगावे लागते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये माहितीची पुरेशी राखण न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. लहान बागायतदाराला कुणी २५० कोटी मागायला येणार नाही, हे मान्य. तरी ईमेलमध्ये ऑर्डरचा क्रमांक घालावा आणि बाकीची माहिती सर्व्हरवर जाऊन पाहावी, ही सवय फुकट आहे. पिनकोडच्या त्या चुकीसाठी मला पिनकोड पुरेसा होता, ग्राहकाचा फोन क्रमांक कशालाच लागला नाही.

ईमेल आला नाही, म्हणजे सगळे ठीक?

ईमेल पाठवण्याच्या साऱ्या व्यवस्थेतली मोठी उणीव ही आहे, की बिघाड झालेल्या यंत्रालाच आपण बिघाड कळवायला सांगतो. सर्व्हर पूर्ण बंद पडला तर ईमेल पाठवणार कोण? डिस्क भरली तर पाठवायचा ईमेल रांगेत लिहायलाही जागा उरत नाही. इनबॉक्स शांत असण्याचे दोन अर्थ होतात आणि बाहेरून ते एकसारखे दिसतात.

बंदरावरच्या क्रमांकांत याची सोय फार पूर्वीच करून ठेवलेली आहे. दहा नंबर म्हणजे सर्वांत मोठा धोका, हे अनेकांना ठाऊक असते. त्याच्याही पुढचा अकरा नंबर मात्र वादळाचे बळ सांगत नाही. हवामान केंद्राशी संपर्क तुटला आहे आणि स्थानिक अधिकाऱ्याला हवामान बिघडण्याचा धोका वाटतो आहे, असा त्याचा अर्थ आहे. खबर येणे थांबले, हीच तिथे खबर मानली जाते.

वेबसाइटसाठी हे दोन प्रकारे करता येते. एक म्हणजे दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरवरून दर पाच मिनिटांनी आपले पान उघडून पाहायचे, आणि उत्तर आले नाही तर त्या दुसऱ्या सर्व्हरने ईमेल पाठवायचा. दुसरा प्रकार मला अधिक आवडतो. आमची साइट रोज सकाळी सात वाजता 'काल ऑर्डरी ४१, एरर ०' असा दोन ओळींचा ईमेल पाठवते. एरर शून्य असला तरी पाठवते. तो आला नाही, तर काहीतरी बिघडले आहे असेच समजायचे.

वाचणारा माणूसही गृहीत धरून चालत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आले, त्यानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांत वीज आणि मोबाइल कित्येक दिवस बंद होते. मुंबईतल्या डेटा सेंटरमधला सर्व्हर त्या काळात धडधडीत चालू असू शकतो, ईमेलही इनबॉक्समध्ये नीट येऊन पडू शकतो, फक्त तो उघडणाऱ्याकडे रेंज नसते. म्हणून पत्त्यांच्या यादीत दुसरे नाव मी पुण्यातल्या एका मित्राचे घातले आहे. तिसरे नाव बागायतदारांचे आहे. उतरंड त्यांना वाचता येत नाही, त्यामुळे त्यांच्याकडे फक्त सकाळचा दोन ओळींचा ईमेल जातो, आणि चहाबरोबर तो पाहण्याची त्यांना आता सवय लागली आहे.

पुढच्याच हंगामात एप्रिलमध्ये एका सकाळी साडेसातला त्यांचा फोन आला. "आज तुझा मेल नाय आला रे. सगळं बरं हाय ना?" बरे नव्हते. लॉगने डिस्क काठोकाठ भरली होती आणि पहाटेपासून सर्व्हरला एक अक्षरही लिहिता येत नव्हते. आठ वाजेपर्यंत जुने लॉग काढून टाकले, आणि त्या दिवशीची पहिली ऑर्डर सव्वाआठला आली.